पिशवीतली बंदूक

८ फेब्रुवारी, रविवार

नाही, मला त्या खेळातलं काही कळत नाही. कोणी विचारलं नाही, पण दुकानात सगळ्यांच्या तोंडावर तेच होतं — ही म्हातारी इथे कशाला? तर लिहून ठेवते. मी आपणहून गेले नव्हते, मला पाठवली होती.

भिंगरीच्या क्लबाला चेंडूचा वेग मोजायची बंदूक घ्यायची होती. भिंगरी म्हणजे माझी नात, लेकीची मुलगी. पाय फुटले तेव्हापासून हात गरागरा फिरवते म्हणून भिंगरी. आता पंधराची झाली, सॉफ्टबॉलमध्ये पिचर आहे. म्हणजे काय, तर तोच हात गरागरा फिरवून खालून चेंडू सोडायचा. एवढ्यासाठी क्लबात नाव घालायला लागतं! तिचे कोच — मी त्यांना शिट्टी म्हणते, कारण ती तोंडातून निघतच नाही — माणूस भला, पण दुकानदाराने काहीही पुढे केलं की मान डोलावतो. मागच्या वर्षी मुलींचे बूट आणले, सगळे एकाच मापाचे. तेव्हापासून पालक म्हणतात खरेदीला आजींना न्या, जन्म लाँड्रीच्या काउंटरमागे गेलाय त्यांचा.

दुकानदाराने तीन मांडल्या. एक मुठीत मावेल एवढीशी. ती जवळून मोजते, चेंडू पार कॅचरपाशी, म्हणजे पलीकडे झेलणारीपाशी, आला की मग जागी होते. तोवर त्याचा दम गेलेला असतो. ती बाद. दुसरी तीन पायांच्या तिकाटण्यावर ठेवायची, मोबाइलला जोडायची, मग मोबाइल आलेख काढून दाखवणार. शिट्टीचे डोळे लकाकले. मी विचारलं, मोबाइलची बॅटरी संपली तर? दुकानदार म्हणाला, चार्ज करायचा. मैदानात? ती पण बाद. तिसरी पिस्तुलासारखी, घोडा असलेली, साध्या सेलवर चालणारी, आकडे माझ्या डोळ्यांना चष्म्याशिवाय दिसतील एवढाले. चेंडू हातातून सुटतो तिथला वेग पकडते म्हणे. दुकानदाराने चालते का बघायला ती वर पंख्याकडे धरली, तर तिने पंखाही मोजला. मी म्हटलं, म्हणजे हिच्यासमोर जे हलेल ते ही मोजणार, कॅचरचा हात हलला तरी? तो म्हणाला, आजी, नेम धरायला शिकावं लागतं. हे पटलं. जे यंत्र सगळं आपलं आपण करतं म्हणून सांगतात त्याच्यावर माझा विश्वास नाही.

तिसरी घेतली. शिट्टी बसमध्ये आलेखाचंच बोलत होता.

९ फेब्रुवारी, सोमवार

बंदुकीसोबत एक लोखंडी दुबेळकं आलंय, चिमट्यासारखं दोन टोकांचं. चपलेच्या टाचेवर आपटायचं आणि बंदुकीसमोर धरायचं. ते थरथरतं, आणि त्याच्यावर कोरलेला आकडाच पडद्यावर यायला हवा. आला म्हणजे बंदूक खरं बोलते. तराजूत वजन टाकून बघतात तसं. पाच वेळा आपटून बघितलं. भिंगरी म्हणाली, आजी, शेजारी दार वाजवतील आता.

११ फेब्रुवारी, बुधवार

बंदूक धरायचं काम माझ्याकडे आलं. शिट्टी धरतो तेव्हा त्याचा हात हलतो, आणि पालकांपैकी कोणी धरली तर आपल्याच मुलीच्या वेळी ओरडतात. माझा हात हलत नाही. इस्त्री धरून धरून तो बसलाय.

पहिल्या दिवशीच गोंधळ. मला गुडघ्यांमुळे सावलीत बाजूला खुर्ची दिली. तिथून मोजलं तर सगळ्या मुली गोगलगाई! एकीचाही आकडा सत्तरीच्या वर जाईना. मुलींची तोंडं उतरली, शिट्टी कपाळाला हात लावून बसला. मग त्याने कागद काढून वाचला — बाजूने धरली की कमी दाखवते, चेंडू सरळ अंगावर येतो त्या रेषेत बसायला हवं. म्हणजे कॅचरच्या मागे, जाळीच्या पलीकडे. कागद आधी वाचला असता तर? पण नाही.

खुर्ची उन्हात गेली. आकडे वर आले.

१४ फेब्रुवारी, शनिवार

आज प्रकरण काय आहे ते कळलं. बंदूक उगाच घेतलेली नाही.

ती मोठी निवासी अकादमी आहे ना, एक अख्खा दिवस प्रवास करून जावं लागतं तिथली — ते मार्चमध्ये इथल्या मैदानावर मुली बघायला येणार आहेत. निवडलेल्या मुलीला राहणं, शाळा, खेळ सगळं तिथेच, शाळा संपेपर्यंत. पण पिचरचं नाव पाठवायचं तर कोचने सही करून वेग कळवायचा. ताशी नव्वद किलोमीटर. त्याच्या खालचं नाव ते उघडूनही बघत नाहीत, असं शिट्टीने मुलींना गोल बसवून सांगितलं.

भिंगरी आज चौऱ्याऐंशी.

जेवताना बोलली नाही. एरवी तिचं तोंड बंद करायला मला रेडिओ मोठा करावा लागतो. भांडी घासताना म्हणाली, “आजी, नव्वद म्हणजे फार नाही ना गं?” मी म्हटलं, मला काय विचारतेस, मी काय चेंडू आहे?

१७ फेब्रुवारी, मंगळवार

चौऱ्याऐंशी. पंच्याऐंशी. चौऱ्याऐंशी. मग त्र्याऐंशी.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

नीट बघितलं आज. मी बंदूक उचलली की पोरीचे खांदे कानाला लागतात. खालचा ओठ दातात. हात फिरतो, पण अर्ध्यावर कुठेतरी अडकतो, बिजागरीत तेल नसलेल्या दारासारखा. चेंडू सुटला की ती चेंडूकडे बघतच नाही, माझ्याकडे बघते. आणि शिट्टी माझ्या खांद्यावरून वाकून आकडा ओरडतो, मैदानाच्या पार टोकापर्यंत. मग सगळ्या मुली ‘अरेरे’ करतात. लिलाव चाललाय जसा.

गोटी भिंगरीची कॅचर आहे, बुटकी, वाटोळी, तोंडाळ. ती म्हणाली, “आजी, बंदूक दिसली की ही चेंडू नाही, दगड टाकते.” कॅचरला हातात कळत असणार.

शिट्टीला म्हटलं ओरडू नकोस. तो म्हणाला, आजी, त्याने जिद्द वाढते. वाढलेली दिसतेच आहे.

२१ फेब्रुवारी, शनिवार

आज मी बंदूक बिघडवली. म्हणजे सगळ्यांना तसं वाटलं.

ऊन असं की बंदुकीचं प्लॅस्टिक हाताला चटके देत होतं. आकडे काळपट दिसायला लागले. मी जे कोणीही करेल ते केलं — टॉवेल नळाखाली धरला, पिळला, बंदुकीवर टाकला. लाँड्रीत मोटर तापली की हेच करायचो, वर ओला टॉवेल. गार झाली. छान. पण चेंडू मोजेना! भिंगरी टाकतेय, पडद्यावर काही नाही. तिच्यानंतर दुसरी मुलगी टाकतेय, काही नाही. मधेच एकदा बारा! बारा म्हणजे रमतगमत चाललेल्या सायकलचा वेग. शिट्टीचा चेहरा पांढरा पडला. सेल बदलले. घोडा दाबून दाबून बोट दुखलं. शेवटी तो, मी आणि बंदूक, तिघं रिक्षाने दुकानात.

दुकानदाराने दुबेळकं वाजवून बघितलं, बंदूक ठणठणीत. म्हणाला, मैदानात नेमकं काय केलंत? शिट्टीने माझ्याकडे बघितलं. मी टॉवेल दाखवला, अजून ओलाच होता. दुकानदार इतका हसला की त्याला खुर्चीवर बसावं लागलं. म्हणाला, आजी, ही पाण्यातून बघत नाही. कोरडं कापड असतं तर हिला ते असून नसल्यासारखं. आणि खरंच त्याने आपला सुका रुमाल वर टाकला, दुबेळकं वाजवलं — आकडा बरोबर!

शिट्टी परतीच्या वाटेवर मला काही बोलला नाही. मोठ्या मनाचा आहे, किंवा बुटांचं त्याला आठवलं असेल.

मी मात्र रुमालाचाच विचार करत होते.

२२ फेब्रुवारी, रविवार

शिट्टीला सांगितलं, बंदुकीला आज सुट्टी, रात्रभर सेल काढून ठेवलेत. त्याने लगेच मानलं, ओल्या टॉवेलाची धास्ती.

मग मी माझी भाजीची कापडी पिशवी घेऊन नेहमीच्या जागी बसले. पिशवीत बंदूक, तोंड पुढे, वर वर्तमानपत्राची घडी. हात आत. लोकांना वाटलं म्हातारी पिशवी पोटाशी धरून बसलीय, चोरांची भीती.

पहिला चेंडू गेला. मी आत वाकून बघितलं.

एक्याण्णव.

मला वाटलं कॅचरचा हात मोजला असेल. पुन्हा नेम धरला. ब्याण्णव. मग नव्वद. मग पुन्हा एक्याण्णव. तिकडे भिंगरी आणि गोटी कुणाच्या तरी नव्या चष्म्यावरून खिदळत होत्या. पोरगी हसता हसता हात फिरवत होती, आणि चेंडू गोटीच्या हातमोज्यात असा बसत होता की बाकावर झोपलेला माळी उठून बसला.

घरी येऊन चपलेवर दुबेळकं आपटलं, पिशवीतल्या पिशवीत. बंदूक खरं बोलत होती.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

शिट्टीला म्हटलं एक दिवस आड मोजू, मुलींना दम मिळेल. आज पिशवीचा दिवस. त्र्याण्णव एकदा. बाकी नव्वद-एक्याण्णव.

कोणाला सांगितलं नाही.

२५ फेब्रुवारी, बुधवार

बंदूक उघड्यावर. भिंगरी त्र्याऐंशी. शिट्टी ओरडला. मी पिशवी घरीच ठेवली होती. सांगितलं नाही.

२८ फेब्रुवारी, शनिवार

लेकीचा फोन. ती आणि जावई बदलीच्या नोकरीत, दर दोन-तीन वर्षांनी नवा गाव. म्हणून भिंगरी तिसरीपासून माझ्याकडे, एका शाळेत टिकावी म्हणून. लेक म्हणाली, अगं नाही झाली निवड तर नाही झाली, तुलाही सोबत हवीच ना. बरंच आहे एका अर्थी.

मी फोन ठेवून दिला. म्हटलं गॅसवर काहीतरी उतू जातंय. काही उतू जात नव्हतं.

राग लेकीचा नाही आला. माझ्याच मनातलं ती इतकं सरळ कसं बोलली, त्याचा आला.

लिहायचंच तर स्वच्छ लिहिते, कपड्यावरचा डाग गिऱ्हाइकाला दाखवूनच पावती फाडायची असते. मी आकडा सांगितला की नाव जाणार. नाव गेलं की पोरगी जाणार. मग या दोन खोल्यांत मी आणि माझे गुडघे. जिन्यावर दोन-दोन पायऱ्या गाळत येणारं कोणी नाही. मोज्यांचा गोळा करून भिंतीवर मारत बसणारं कोणी नाही — किती वैतागायची मी त्या धप्प-धप्पला. माझ्या औषधाच्या गोळ्या ‘आजी, निळी राहिली’ म्हणून समोर धरणारं कोणी नाही. न सांगितलं तर काही बिघडत नाही. मी खोटं बोललेले नाही. मला कोणी विचारलेलंच नाही.

विचारलेलं नाही! वा. लाँड्रीत कोणी असं बोलला असता तर काउंटरवरून हाकलला असता.

तरी आज सांगितलं नाही.

३ मार्च, मंगळवार

शिट्टी उद्या नावं पाठवणार. गोटीचं नाव जातंय, कॅचरला वेगाची अट नाही. पिचर म्हणून आपल्याकडून कोणी नाही. शिट्टीने भिंगरीला बाजूला घेऊन सांगितलं, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी वय बसत नाही, हे त्याला माहीत आहे आणि तिलाही.

ती घरी आली. रडली वगैरे नाही. हातमोजा कपाटाच्या वर टाकला, पार मागे, भिंतीला लागेल असा. म्हणाली, शाळेनंतरचा वेळ रिकामा झालाय तर टायपिंगचा क्लास लावते, पुढे उपयोगी पडेल. मग माझी निळी गोळी काढून ठेवली आणि अभ्यासाला बसली. भिंतीवर मोजे मारले नाहीत. घर इतकं शांत, की बाजूच्यांच्या नळाचं ठिबकणं ऐकू येत होतं.

मला शांतता आवडते असं मी इतकी वर्षं सांगत आलेय.

४ मार्च, बुधवार

सकाळीच शिट्टीच्या घरी गेले. दाढीचा साबण लावलेला, तसाच दारात आला.

म्हटलं, “नावं गेली का?”

“दुपारी पाठवतो. का?”

“भिंगरीचं घाल.”

तो आधी माझ्याकडे बघत राहिला, मग समजुतीच्या आवाजात बोलायला लागला. आजी, मला पण वाईट वाटतं, पण मी खोट्या आकड्यावर सही कशी करू? मी म्हटलं, खोट्यावर करूच नकोस. आणि सगळं सांगितलं, टॉवेलापासून पिशवीपर्यंत. साबण त्याच्या गालावर वाळला.

“कधीपासून माहीत आहे तुम्हाला?”

“दहा दिवस झाले असतील.”

“आणि आज सांगताय?”

मी म्हटलं, तोंड धू आधी, साबण वाळलाय. त्याने पुढे विचारलं नाही. आतून बायको म्हणाली, आजींना आत तरी बोलवा. मी नाही गेले आत.

मी म्हणते म्हणून तो सही करणार नव्हता, आणि ते बरोबरच आहे. ठरलं असं, की त्याने शाळेसमोर थांबून भिंगरीला दुपारी मैदानावर आणायचं — गोटीला सराव हवाय, तू नुसते चेंडू टाक. ती आली, नाखुशीने, कोणाचा तरी हातमोजा उसना घेऊन. शिट्टी माझ्याशेजारी जाळीमागे बसला, त्याची शिट्टी मी माझ्या हातात काढून घेतली होती. पिशवी मांडीवर. आधी पिशवीतच दुबेळकं वाजवून दाखवलं त्याला. मग आम्ही दोघं पिशवीत डोकं घालून, बाजारात हिशेब चुकल्यासारखे.

ब्याण्णव. एक्याण्णव. ब्याण्णव. नव्वद. त्र्याण्णव.

तोंड उघडलं होतं त्याने ओरडायला. मी त्याच्या पायावर पाय दिला.

दुपारी नाव गेलं.

५ मार्च, गुरुवार

भिंगरीला मीच सांगितलं. शिट्टी म्हणत होता नका सांगू, तिला कळलं तर पुन्हा आखडेल. पण अकादमीवाले येतील त्या दिवशी त्यांच्या बंदुका असणारच, समोर, उघड्या. आयुष्यभर काय पिशवी घेऊन हिंडायचं तिच्या मागे?

मला वाटलं उड्या मारेल. ती लाल झाली.

“चोरून मोजलंस?”

“मोजलं.”

“आणि मी रोज सगळ्यांसमोर त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशी ऐकत होते. तू तिथेच बसून. तुला माहीत होतं.”

हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

“का नाही सांगितलंस गं?”

तिने हे ओरडून नाही विचारलं. ओरडली असती तर मीही ओरडले असते, आणि ते सोपं गेलं असतं. मी उठून भात बघायला गेले.

६ मार्च, शुक्रवार

बोलत नाही. निळी गोळी मात्र टेबलावर ठेवलेली होती.

८ मार्च, रविवार

कपाटावरचा हातमोजा स्टूल घेऊन काढला तिने. मला म्हणाली, “चल. बंदूक हातात धर. पिशवीत नको.” एवढंच.

मैदानावर शिट्टीला मी अट घातली — शिट्टी वाजव हवी तितकी, आकडा ओरडायचा नाही. ना तू, ना मुली, ना मी. ज्याला हवा त्याने संध्याकाळी येऊन मला विचारायचा. त्याला ते जिवावर आलं. पण माझ्या हातात बंदूक होती.

पंच्याऐंशी. भिंगरीने माझ्याकडे बघितलं. मी समोरच्या झाडाकडे बघत बसले, बहिरी असल्यासारखी. पुन्हा टाकला. पुन्हा बघितलं. मी झाडाकडे. शेवटी कंटाळून तिने बघायचं सोडलं.

संध्याकाळी आकडे विचारायला आली नाही.

१२ मार्च, गुरुवार

शेवटच्या शेवटच्या चेंडूंना सत्त्याऐंशी. गोटी म्हणाली आता निदान विटा येतायत, दगड नाहीत.

भिंगरीच्या रागाला उतार पडलाय थोडा. भाजी खारट झाली म्हणाली. म्हणजे बोलली.

१७ मार्च, मंगळवार

बंदूक उघडी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत — एक्याण्णव. मी झाडाकडे बघत होते, म्हणून माझा चेहरा कोणाला दिसला नाही.

घरी येताना विचारलं तिने, “आजी, मी गेले तर तुला चालेल?”

मी म्हटलं, पायाखाली बघून चाल, खड्डा आहे. खड्डा होता खरंच.

२१ मार्च, शनिवार

अकादमीची माणसं आली. तीन जण, एकसारख्या टोप्या. त्यांच्या दोन बंदुका तिकाटण्यावर, पडदे त्यांच्याकडे. आम्हाला जाळीपाशी येऊ दिलं नाही. पार लांब पायऱ्यांवर बसवलं, तिथून भिंगरी अंगठ्याएवढी दिसत होती. आमची बंदूक घरी. माझे हात रिकामे, काय करावं त्यांचं कळेना. शेवटी त्यांच्यावर बसले.

एक गोष्ट बघितली. त्यांच्यातलं कोणीही आकडा बोललं नाही. टोपीवाली बाई नुसती मान हलवायची, पुढचा. पुढचा. मी शिट्टीकडे बघितलं. तो म्हणाला, हो आजी, कळलं.

भिंगरीचा पहिला चेंडू गोटीच्या डोक्यावरून जाळीत गेला. शिट्टीने डोळे मिटले. दुसऱ्याच्या वेळी गोटी उठून तिच्यापर्यंत चालत गेली, काहीतरी बोलली, भिंगरी हसली. खांदे खाली आले — इतक्या लांबून मला खांदेच दिसतात. मग टाकत राहिली. हातमोज्याचा आवाज पायऱ्यांपर्यंत उशिरा यायचा, चेंडू पोचल्यानंतर.

काय बोललीस म्हणून मी नंतर गोटीला विचारलं. म्हणाली, “आजी, ते तुम्हाला सांगण्यासारखं नाही.”

२५ मार्च, बुधवार

निवड झाली. दोघींची. शिट्टी जिन्यावरूनच ओरडत आला, या वेळी मी ओरडू दिलं. त्यांच्या बंदुकीवर भिंगरी ब्याण्णव. दोन तारखेला निघायचं.

लेक फोनवर रडली, जावईही घसा साफ करत होते. मी म्हटलं, रडायला पैसे पडत नाहीत, पण फोनला पडतात, ठेवा.

२७ मार्च, शुक्रवार

बॅग भरायला काढली होती. संध्याकाळी बघते तर पलंगाखाली परत. रिकामी.

म्हणते, मी जाणार नाही. गोटी जाऊ दे. मला इथलाच क्लब बरा आहे, शिट्टीसर चांगले आहेत. अचानक शिट्टीसर चांगले झाले! मी म्हटलं, खरं काय ते बोल.

“तू जिन्यावरून पडलीस तर?”

“तर उठेन.”

“निळी गोळी कोण देणार?”

“निळी निळीच असते. मला दिसते.”

“मला कळलंय तू तेव्हा का सांगितलं नव्हतंस ते.” खाली बघून बोलली. “मग आता मी कशी जाऊ?”

घ्या. माझ्या दहा दिवसांच्या मुकेपणाची ही वसुली. शिट्टीने समजावलं, लेकीने समजावलं, गोटी तर येऊन भांडून गेली. पोरगी हलत नाही. माझाच हट्टीपणा आलाय, तोंड फक्त तिच्या आजोबांचं.

बोलून उपयोग नाही. हिला बोलण्याने कोणी हलवू शकत नाही. काहीतरी करावं लागेल, जे परत फिरवता येणार नाही.

२९ मार्च, रविवार

भिंगरीची खोली भाड्याने दिली. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नवी नर्स आलीय, जागा शोधत होती. तीन तारखेला सामान घेऊन येते. शब्द दिला, किल्लीही दिली. बाई बरी आहे, बोलते फार.

भिंगरीला सांगितलं. ती दारात उभी राहिली, खोलीकडे बघत. मग म्हणाली, “आणि सुट्टीत आले की मी झोपू कुठे?”

म्हटलं, माझ्याजवळ.

तिने पलंगाखालून बॅग ओढली.

झालं. यावर मी यापुढे एक अक्षर लिहिणार नाही.